गर्भाशय मागे झुकले आहे. दुखणे मात्र कशाचे?

वाचकाचा प्रश्न: सातारा जिल्ह्यातील ३१ वर्षांच्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सारांश देत आहोत. लग्नाला तीन वर्षे झाली असून गेले वर्षभर त्या मूल व्हावे म्हणून प्रयत्न करीत आहेत. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत ओटीपोट आणि कंबर असह्य दुखते, संबंधाच्या वेळी आत खोलवर कळ येते, बद्धकोष्ठ जुने आहे, आणि शाळेत स्वच्छतागृहाची सोय धड नसल्यामुळे त्या दिवसभर पाणी बेतानेच पितात. नुकत्याच केलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘रेट्रोव्हर्टेड युटेरस’, म्हणजे मागे झुकलेले गर्भाशय, असा शेरा आला. डॉक्टरांनी ‘यात विशेष काही नाही’ एवढेच सांगितले. सासूबाईंच्या मते पिशवी उलटी आहे म्हणूनच मूल होत नाही. पोट चोळून पिशवी जागेवर बसवणाऱ्या एका मावशींचे नाव शेजारणीने सुचवले आहे, तर इंटरनेटवरील एका जाहिरातीत तीन महिन्यांच्या आयुर्वेदिक ‘कोर्स’ने गर्भाशय सरळ करून देण्याची हमी आहे. ऑपरेशनची भीती वाटते आणि आयुर्वेदावर विश्वास आहे. तेव्हा आयुर्वेदाने गर्भाशय सरळ होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि मग त्यामागची कारणे सांगते. कोणत्याही काढ्याने, तेलाने किंवा बस्तीने (औषधी एनिमाने) गर्भाशयाची दिशा कायमची बदलते असे म्हणण्यास आधार नाही, आणि तशी हमी देणाऱ्याकडे तुम्ही जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तुमची कंबर, ओटीपोट आणि संबंधाच्या वेळची कळ यांवर आयुर्वेदात करण्यासारखे बरेच आहे. या दोन वेगवेगळ्या गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि तो गुंता सोडवल्याशिवाय पुढचे उपाय योग्य क्रमाने लागणार नाहीत.

गर्भाशय हे हाडासारखे एका जागी रोवलेले इंद्रिय नाही. पाळण्याप्रमाणे ते बंधांवर तोललेले असते आणि पुढे मूत्राशय किती भरले आहे, मागे मलाशयात किती साठले आहे, त्याप्रमाणे थोडेफार हलत असते. बहुतेक स्त्रियांमध्ये ते पुढे, मूत्राशयावर कललेले असते. साधारण पाचांपैकी एका स्त्रीमध्ये ते मागे, पाठीच्या कण्याकडे झुकलेले असते. पुष्कळ जणींचा झोक जन्मापासूनच तसा असतो, काहींचा बाळंतपणानंतर बंध सैलावल्यामुळे बदलतो. पोटावरून सोनोग्राफी करताना ‘भरपूर पाणी पिऊन या आणि लघवी रोखून ठेवा’ असे सांगतात, ते तुम्हाला आठवत असेल. तुडुंब भरलेले मूत्राशय गर्भाशयाला मागे रेटते, आणि म्हणून एकाच स्त्रीच्या दोन वेळच्या दोन अहवालांत दोन वेगळे शेरे येऊ शकतात. अहवालातली ही ओळ म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद असते. नाकाचा आकार किंवा पायाचे माप लिहून ठेवावे इतपतच तिचे महत्त्व, आणि तुमच्या डॉक्टरांना बहुधा हेच म्हणायचे असावे.

परंतु त्यांचे उत्तर अर्धेच होते. झुकण्यात विशेष काही नाही हे खरे असले, तरी तुमच्या दुखण्यात विशेष काही नाही असे मुळीच होत नाही. पाळीच्या वेळी असह्य कळा आणि संबंधाच्या वेळी आत खोल दुखणे ही दोन लक्षणे एकत्र आली की पहिला प्रश्न विचारायचा तो असा: गर्भाशय मागे झुकलेले असून सुटे, हलणारे आहे, की ते मागे कशाला तरी चिकटून बसले आहे? सुटे असेल तर त्याचा त्रास सहसा होत नाही, झाला तर संबंधाच्या काही स्थितींत होतो. चिकटलेले असेल तर त्यामागे एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग, पूर्वीची एखादी शस्त्रक्रिया, किंवा आपल्या देशात विसरून चालणार नाही असा जननेंद्रियांचा क्षयरोग, यांपैकी काही असू शकते. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती बाहेर, अनेकदा गर्भाशय आणि मलाशय यांच्या मधल्या पोकळीत, वाढते आणि तेथे दाह होऊन इंद्रिये एकमेकांना चिकटतात. प्रजननक्षम वयातील सुमारे दहांपैकी एका स्त्रीला हा आजार असतो आणि त्याचे निदान व्हायला कित्येक वर्षे जातात, कारण पाळीत दुखायचेच असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. साधी सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे तो नाही असेही ठरत नाही. तुम्ही बद्धकोष्ठाचा उल्लेख ओझरता केला आहे. पाळीच्या दिवसांत शौचाच्या वेळी आत सुरी फिरल्यासारखे दुखते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. दुखत असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा.

गर्भाशय सरळ केले की दुखणे जाईल, ही समजूत आपल्या आजीबाईंचीच होती असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत युरोप-अमेरिकेतील शल्यचिकित्सक मागे झुकलेले गर्भाशय पुढे ओढून टाके घालून बांधून टाकत, योनीत कड्यासारखी साधने बसवत. कंबरदुखीपासून वंध्यत्वापर्यंत सगळ्याचे खापर या झुकण्यावर फोडले जाई. पुढे जेव्हा गर्भाशय मागे असलेल्या कितीतरी स्त्रियांना कसलीच तक्रार नसते, आणि बांधून टाकलेल्यांपैकी अनेकींचे दुखणे तसेच राहते, हे ध्यानात आले तेव्हा ही शस्त्रक्रिया मागे पडली. केवळ झुकण्यासाठी आज कोणी ऑपरेशन सुचवले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. ऑपरेशनच्या भीतीचे ओझे तेवढे उतरवून ठेवा.

आता आयुर्वेदाकडे वळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे, म्हणजे योनी आणि गर्भाशय यांच्या विकारांचे, वर्णन आहे. त्यांतील ‘अंतर्मुखी’ या व्यापदाचा आजचे अनेक वैद्य मागे झुकलेल्या गर्भाशयाशी संबंध जोडतात: भरपेट जेवणानंतर अवघडलेल्या स्थितीत संबंध आला असता वायू योनीचे मुख वाकडे करतो, हाडामांसांत तीव्र वेदना होतात आणि स्त्रीला संबंध सहन होत नाही, असे तेथे म्हटले आहे. ‘उदावर्तिनी’चे वर्णन तुमच्या पहिल्या दोन दिवसांशी अधिक जुळते, त्यात रज, म्हणजे पाळीचे रक्त, कष्टाने बाहेर पडते आणि ते मोकळे झाले की लगेच आराम वाटतो. त्याच अध्यायात, वायू बिघडल्यावाचून योनीचे विकार होत नाहीत, म्हणून आधी वायूचे शमन करावे आणि मग इतर दोषांकडे पाहावे, असा सर्वसाधारण नियमही दिलेला आहे. ही वर्णने मी वाचते तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. व्यापद ठरते ते वेदनेवरून, स्त्रीच्या तक्रारीवरून. जिला काहीच होत नाही अशा स्त्रीचे गर्भाशय कोणत्या दिशेला आहे याची चिंता आचार्यांनी केलेली नाही. आपण मात्र सोनोग्राफीतली ओळ वाचून तिच्यासाठी ग्रंथात आजार शोधू लागतो.

तुम्हाला कोणी ‘पाणिना नामयेज्जिह्मां’ हे वचन दाखवील. स्नेहन (तेल लावणे) आणि स्वेदन (शेकून घाम आणणे) केल्यावर वाकडी योनी हाताने नमवावी, असे चरकात खरोखरच आहे. पण ते कुशल वैद्याने, अंतर्तपासणी करून करायचे कर्म म्हणून सांगितले आहे आणि त्या काळी आत गाठ आहे, गर्भ आहे की चिकटलेले पटल आहे हे पाहण्याची दुसरी सोय नव्हती. त्या वचनाचा आधार घेऊन पोटावरून जोराने चोळणाऱ्या मावशींकडे जाणे म्हणजे ग्रंथालाही न मानणे झाले. पोटावरून चोळून गर्भाशय ‘बसत’ नाही. आत बीजकोषाची गाठ असेल तर ती फुटू शकते किंवा तिला पीळ बसू शकतो, आणि तुमचे प्रयत्न चालू असल्यामुळे तुम्हाला न कळता दिवस राहिलेले असण्याची शक्यताही आहे. शेजारणीला वाईट वाटेल म्हणून जाऊ नका.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही अगदी जाता जाता लिहिली आहे: शाळेत सोय नाही म्हणून पाणी कमी पिते. ओटीपोटाच्या भागातील वायू, ज्याला अपान म्हणतात, त्याच्याकडे मल, मूत्र, आर्तव (पाळीचे रक्त) आणि गर्भ यांचे खाली जाणे सोपवलेले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वेग, म्हणजे शौच-लघवीसारख्या नैसर्गिक भावना, न रोखण्याविषयीचा एक अध्यायच आहे. सकाळी घाईत शौचाला न होता निघायचे, दुपारपर्यंत लघवी दाबून धरायची, पाणी नको म्हणून चहावर भागवायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर एकदम सगळे करायचे, हे आपल्याकडे शिक्षिका, वाहक, पोलीस, शेतमजूर अशा कितीतरी स्त्रियांच्या अंगवळणी पडले आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर घट्ट मलाने भरलेले मलाशय मागे झुकलेल्या गर्भाशयाच्या अगदी लागून असते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळून धरण्याची सवय लागते, आणि असे आवळलेले स्नायू संबंधाच्या वेळी सैल होऊ शकत नाहीत. तुमच्या दुखण्याचा काही वाटा येथून येत असावा. म्हणून मुख्याध्यापकांकडे स्वच्छतागृहासाठी लेखी अर्ज करणे हा माझ्या लेखी औषधोपचाराचाच भाग आहे. एकटीने न करता बाकीच्या बाईंना बरोबर घ्या. त्रास सगळ्यांनाच असणार. मुलींसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असणे हे शिक्षणहक्क कायद्याच्या निकषांतच आहे, त्यामुळे तुम्ही काही उपकार मागत नाही.

घरी करण्याजोगे उपाय फार नाहीत, पण ते नेमाने करावे लागतात. पाळीचे दिवस सोडून इतर दिवशी कंबर, माकडहाड, नितंब आणि मांड्या यांना कोमट तिळाचे तेल हलक्या हाताने लावा. ओटीपोटावर लावायचे ते फिरवल्यासारखे, दाब न देता. त्यानंतर गरम पाण्याने स्नान करा. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत गरम पाण्याच्या पिशवीने ओटीपोट आणि कंबर शेका. शेकाने पाळीच्या कळा खरोखर कमी होतात हे आधुनिक अभ्यासांतही दिसले आहे. पिशवी कापडात गुंडाळा, कारण रोज त्याच जागी कढत शेक घेऊन कातडीवर जाळीदार डाग पडलेल्या स्त्रिया वैद्यांना नेहमी दिसतात. सुंठीचाही पाळीच्या दुखण्यावर काही लहान अभ्यासांत उपयोग दिसला आहे: पहिल्या तीन दिवसांत पाव चमचा सुंठ गूळ-तुपातून किंवा गरम पाण्यातून दोनदा घ्या, मात्र आम्लपित्त असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर घेऊ नका. आहारात गरम, ओलसर, तूप घातलेले अन्न असू द्या: मुगाचे वरण, ज्वारीची भाकरी तुपाबरोबर, दुधी-पडवळ, ताकात हिंग-जिरे. डब्यात रोज कोरडी पोळी-चटणी आणि वर फरसाण असेल तर बद्धकोष्ठ कसे जाणार? रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका सकाळी चावून खा. एरंडेल हे वातावरचे मोठे औषध खरे, परंतु गर्भ राहिला असण्याची शक्यता असताना ते घेऊ नये, म्हणून घ्यायचे तर वैद्याच्या सांगण्यावरून पाळी संपल्यानंतरच्या थोड्या दिवसांतच.

वैद्यांकडे होणाऱ्या उपचारांपैकी तुमच्यासारख्या स्थितीत मात्राबस्तीचा विचार आधी होतो. यात थोडे औषधी तेल जेवणानंतर गुदमार्गाने देतात. वातासाठी बस्ती हा आयुर्वेदाचा प्रमुख उपचार मानला आहे आणि मळ घट्ट असणाऱ्या स्त्रियांना त्याने कंबर मोकळी वाटते असा वैद्यांचा अनुभव आहे. योनिपिचू, म्हणजे तेलात भिजवलेला निर्जंतुक बोळा ठेवणे, हा दुसरा उपाय कोरडेपणा आणि आवळलेपणा यांसाठी वापरतात. उत्तरबस्तीविषयी मात्र मी कडक आहे. गर्भाशयात औषध सोडण्याचा हा उपचार संसर्ग नसल्याची खात्री करून, निर्जंतुक पद्धतीने, रुग्णालयात, पाळी संपल्यावर आणि बीज सुटण्याच्या आधीच व्हायला हवा. घरगुती दवाखान्यात पडद्याआड कोणी तो करू म्हणत असेल तर उठून या. पोटात घेण्याच्या औषधांत दशमूळ, शतावरी, अशोक यांची नावे तुम्ही ऐकली असतील. ती प्रकृती पाहून द्यायची असतात. ‘रजःप्रवर्तनी’ वटी पाळी आणणाऱ्या द्रव्यांची आहे, आणि मूल हवे असणाऱ्या स्त्रीने ती कोणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणून घेणे धोक्याचे आहे. वेदनाशामक ॲलोपॅथिक गोळी पहिल्या दोन दिवसांत जेवणानंतर घेतली म्हणून आयुर्वेद बाटत नाही. कण्हत वर्गात उभे राहण्यापेक्षा ती डॉक्टरांना विचारून घ्या.

जाहिरातीतील ‘कोर्स’विषयी एवढेच सांगते की ज्या औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये आणि उत्पादन परवाना क्रमांक नाही, ते घेऊ नका. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिसे गर्भाला अपायकारक असते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय तर होणार नाही’ हे वाक्य मला आयुर्वेदाची वैद्य म्हणूनच सर्वांत धोक्याचे वाटते.

संबंधाच्या वेळच्या दुखण्याविषयी तुम्ही संकोचाने लिहिले आहे. गर्भाशय मागे असताना खोल दाब थेट त्याच्यावर किंवा बीजकोषांवर येतो, म्हणून खोली आणि वेग स्त्रीच्या हाती राहतील अशी स्थिती, किंवा कुशीवर झोपून, सोपी जाते. रात्रीच्या जड जेवणानंतर लगेच नको, हे चरकाचे म्हणणेही येथे उपयोगी पडते. पतीला ‘दुखते’ एवढेच सांगून थांबू नका. कोठे, केव्हा, कोणत्या दिवसांत, हे सांगा. दात आवळून सहन करीत राहिलात तर स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळून बसतात. इंटरनेटवर पाहून ओटीपोटाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम सुरू करू नका; तुमच्यासारखीला आधी ते सैल सोडायला शिकावे लागते, आणि त्यासाठी स्त्रीरोगातील फिजिओथेरपिस्ट आता मोठ्या शहरांत भेटतात. मार्जारासन, बालासन, पवनमुक्तासन सावकाश श्वासाबरोबर करायला हरकत नाही. गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून केलेल्या आसनाने सुटे गर्भाशय तात्पुरते पुढे येऊ शकते. उभे राहिल्यावर ते पुन्हा आपल्या जागी जाते.

सासूबाईंना सांगायचे असेल तर हे सांगा: सुटे, मागे झुकलेले गर्भाशय मूल होण्याच्या आड येत नाही. आड काही आले असेल तर ते वेगळे शोधावे लागेल, आणि वर्षभर प्रयत्न झाल्यामुळे शोध घेण्याची वेळ झालीच आहे. मूल न होण्यामागे पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने, जवळजवळ निम्म्या जोडप्यांत असते. तेव्हा पहिली, सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी पतीच्या वीर्याची. ती न करता तुमच्या पिशवीवर तीन महिने घालवणे मला पटत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या भेटीपूर्वी एक काम करा. घरातल्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकटीत पुढच्या दोन पाळ्यांपर्यंत दुखण्याचे दिवस, शौचास झाले की नाही, आणि संबंधाच्या वेळी दुखले का, हे एकेका अक्षराने टिपा. मग त्यांना विचारा: हाताने तपासल्यावर गर्भाशय हलते का, मागच्या बाजूला गाठी लागतात का, योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीची किंवा एमआरआयची गरज आहे का, क्षयाची शंका आहे का. उत्तर ‘सुटे आहे, बाकी काही नाही’ असे आले तर वर सांगितलेले आयुर्वेदिक उपचार निःशंकपणे सुरू करा. चिकटलेले असेल तर आयुर्वेद सोबतीला ठेवा, पण मुख्य उपचार त्या कारणाचा. वैद्य निवडताना महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी पाहा आणि शक्यतो स्त्रीरोग-प्रसूतितंत्रात पदव्युत्तर शिक्षण झालेले पाहा. वरळीचे पोदार किंवा नागपूर, नांदेड येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालये यांना जोडलेल्या रुग्णालयांत हा विभाग असतो. तुमच्या जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातही चौकशी करा. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, संबंधानंतर रक्त जाणे, किंवा पाळी चुकून एका बाजूला अचानक तीव्र दुखणे, यांपैकी काही झाले तर कालनिर्णयाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

दिवस राहिले तर सर्व आयुर्वेदिक औषधे आणि बस्ती थांबवून वैद्यांना कळवा, आणि पहिल्याच तपासणीला गर्भाशय मागे झुकलेले असल्याचे डॉक्टरांना सांगा. बारा ते चौदा आठवड्यांच्या सुमारास वाढणारे गर्भाशय बहुतेक स्त्रियांमध्ये आपोआप ओटीपोटातून वर चढते. क्वचित ते मागे अडकते. चौदाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या आसपास लघवी करायला जोर लावावा लागू लागला, थेंब थेंब होऊ लागली किंवा पूर्ण अडली, तर घरी शेकत बसू नका, रात्र असली तरी प्रसूतिगृह गाठा. तेथे नळीने मूत्राशय रिकामे केल्यावर बहुधा गर्भाशय वर चढते.